मास्तरांचं पायपुसणं

४ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची. प्रवासाने हाडं खिळखिळी झालीत, पण मन खुशीत आहे. आल्या आल्या ताईला फोन केला, कारण निघताना तिने दहादा बजावलं होतं की पोचलीस की आधी कळव, मग काय ती वादळं बघ. आमच्याकडे कुणी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलं तरी 'पोचले' ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पन्नाशी उलटल्यावर बायका गुडघ्यांना तेल लावून बसतात आणि आमची ही वादळांमागे धावायला निघाली, असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. गुडघा तिचाच बदललाय, अजून काठीशिवाय संडासापर्यंत जाता येत नाही, आणि बोलणी मात्र मला.

खोली छान आहे. खाली गॅरेज, वर मी. एक पलंग, एक कपाट, शेगडी, आणि टेबलावर दोन मोठे पडदे: एकावर रडार, दुसऱ्यावर संगणकाने काढलेले पुढच्या दिवसांचे नकाशे. खिडकीतून माळ दिसतो. इतका सपाट की नजर अडायला काही म्हणून काही नाही.

माझी उभी हयात विमानतळाच्या हवामान कचेरीत गेली. तिथलं काम लोकांना वादळापासून लांब ठेवायचं. इथे सगळं उलट आहे. लोक पैसे भरून येतात आणि त्यांना वादळाच्या जवळ न्यायचं, म्हणजे फोटो काढता येतील इतकं जवळ आणि घरी परत जाता येईल इतकं लांब. कुठे जायचं, जायचं की नाही, हे सकाळी मी ठरवायचं. मालक गोल, बोलघेवडे आणि सदा घामेजलेले. गाडी चालवणाऱ्याला सगळे पहिलवान म्हणतात, कारण त्याच्या अंगावर मूठभर मांस नाही. दोघांनीही मला लगेच 'बाई' करून टाकलं.

ताईचं काय ते तीन महिने शेजारीण बघेल. मोसम संपला की मी घरी.

५ एप्रिल, मंगळवार

इथली एक रीत कळली. सकाळी नकाशे बघून झाले की तिघांनी टेबलाशी बसून चहा घ्यायचा. चहा संपला की मी माझा कप ठेवायचा. सरळ ठेवला तर निघायचं, पालथा ठेवला तर आज गाडी गॅरेजबाहेर पडणार नाही. कप एकदा पालथा पडला की तो कुणी हलवायचा नाही, मालकांनीसुद्धा नाही. पूर्वी म्हणे यावर तासन्‌तास भांडणं व्हायची, गिऱ्हाईकं मध्ये तोंड घालायची. मग आधीच्या अंदाजवाल्यांनी हा नियम केला आणि सगळ्यांच्या डोक्याचा ताप गेला.

त्या आधीच्यांना मास्तर म्हणत. गेल्या मोसमाच्या शेवटी ते वादळात गेले. ते एकटेच माळावर जाऊन खुर्ची टाकून बसले होते, असं मालक म्हणाले. फार जवळून बघायची हौस, दुसरं काय. खुर्ची अजून तिथेच आहे. मी विचारलं की एवढा माणूस उडाला आणि खुर्ची कशी राहिली. मालकांनी खांदे उडवले आणि पहिलवान कप धुवायला उठून गेला.

मी कप सरळ ठेवला, पण दुपारपर्यंत आभाळ निवळलं. पहिल्याच दिवशी गिऱ्हाईकांना ऊन दाखवून आणलं.

७ एप्रिल, गुरुवार

आज नशीब फळफळलं. नकाशा दक्षिण दाखवत होता, पण तिकडचा रस्ता खड्ड्यांचा, आणि काल रात्रीपासून माझी कंबर बोलत होती. म्हणून मी उत्तर म्हणाले. खरं सांगायचं तर अंदाजपंचे दाहोदरसे. आम्ही गाडी लावली, पहिलवानाने बिस्किटांचा पुडा फोडला, आणि समोर ढग उभा राहायला लागला. तळ काळा, माथा पांढरा, मग तळातून सोंड खाली उतरली. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात, रिकाम्या रानात हिंडली आणि विरून गेली. गिऱ्हाईकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने माझा हात दाबला.

इतकी वर्षं मी ढगांचे नुसते आकडे बघितले. ढग आज बघितला. रात्री ताईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली की जेवलीस का.

११ एप्रिल, सोमवार

मालक खुशीत आहेत. मी म्हणेन तिकडे वादळ येतंय. परवा पूर्व म्हणाले तर पूर्वेला, काल धरणामागचं पठार म्हणाले तर नेमकं तिथे, गाडीपासून जवळजवळ हाकेच्या अंतरावर. बाईंची जीभ काळी आहे, असं मालक गिऱ्हाईकांना कौतुकाने सांगतात.

मला मात्र हे बरं वाटेनासं झालंय. कचेरीत आमचे अंदाज चुकायचे, सगळ्यांचेच चुकतात, त्यात लाज नसते. चूक हा या धंद्यातला पगारी नोकर आहे. इथे मी चुकतच नाही. आणि आज एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी नकाशावरचा लाल डाग, म्हणजे वादळाची जागा, दक्षिणेला होता. मी पश्चिम ठरवली. दुपारचा नवा नकाशा आला तेव्हा डाग पश्चिमेला सरकलेला होता. मागचे दिवस काढून बघितले. दर वेळी तेच. आधी मी ठरवते, मग तो सरकतो.

दमल्यामुळे डोकं चालत नसेल. रोज पहाटे उठायचं आणि दिवसभर गाडीत आदळायचं, हे वय नव्हे त्याचं.

१४ एप्रिल, गुरुवार

आज कप पालथा ठेवला. वादळबिदळ काही नको, एक दिवस पाठ टेकू दे, एवढंच मनात होतं. चष्म्याची दांडी मोडली आहे, तेव्हा दुपारी बसने शहरात जाऊन ती बसवून घ्यावी असं ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय त्यात. सकाळचा नकाशा स्वच्छ होता, एक डाग नाही.

चष्मेवाला बोलका निघाला. माझी काच पुसता पुसता त्याने स्वतःच्या सासूचं सगळं ऑपरेशन सांगितलं. तेवढ्यात दुकानात अंधार झाला. मग गारा. लिंबाएवढ्या, मग मुठीएवढ्या. पुढची काच आत आली. आम्ही दोघं टेबलाखाली होतो. त्याच्या कानामागून रक्त येत होतं आणि तो मलाच विचारत होता की तुम्हाला लागलं नाही ना. ते सगळं आटोपल्यावर रस्त्यावर आले. गारा त्या एकाच रस्त्यावर पडल्या होत्या. पलीकडच्या गल्लीत वाळत घातलेले कपडे तसेच होते, कोरडे.

परत आल्यावर दुपारचा नकाशा बघितला. शहरावर डाग होता. तो नकाशा मी बसमध्ये चढायच्या आधी निघालेला.

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त मनात ठरवलं होतं.

१६ एप्रिल, शनिवार

परीक्षा घेतली. तोंडाने पूर्व म्हणाले, कप सरळ ठेवला, आणि मनात मात्र जुन्या विमानपट्टीचा रस्ता धरला, तो पश्चिमेला. गाडी पूर्वेला गेली आणि आम्ही दिवसभर उन्हात बसलो. वादळ विमानपट्टीवर झालं. गिऱ्हाईकं चिडली, मालकांनी गोड बोलून समजूत काढली आणि मग माझ्याकडे न बघता गाडीत बसले.

परतल्यावर पहिलवान टायर धूत होता. मी नळ बंद केला आणि त्याला सरळ विचारलं. त्याने हातातला फडका पिळला. मग म्हणाला की मास्तरांचंही असंच चाललं होतं, एक सांगायचे आणि भलतीकडेच बघत बसायचे. मुलीचे फोन घेणं त्यांनी बंद केलं होतं. शेवटी शेवटी म्हणायचे की त्याला आधीच कळतं. कुणाला कळतं ते सांगत नसत. एवढं बोलून त्याने नळ पुन्हा सोडला आणि म्हणाला की बाई, तुम्ही घरी जा.

मीही तेच ठरवलं आहे. नोकरी गेली खड्ड्यात. मंगळवारचं तिकीट काढलं, गुरुवारी पोचेन. घरी जाऊन ताईच्या शेजारी गादी टाकायची आणि आठ दिवस झोपायचं. आठवणीनेच बरं वाटतंय.

१७ एप्रिल, रविवार

नकाशावर नवीन डाग. गुरुवारचा. इथला नाही.

आमच्या गावावर आहे. नदीच्या वळणाशी, जिथे आमचं घर आहे.

एवढा गडद डाग मी नोकरीत कधी पाहिला नाही. आमचं गाव डोंगरापलीकडे, तिकडे असलं वादळ होत नाही, झालेलं नाही. मालकांना दाखवला तर म्हणाले की संगणकाचं मॉडेल कधीकधी भरकटतं, चहा घ्या. मग पुन्हा नीट बघून म्हणाले की खरंच असेल तर गिऱ्हाईकांना तिकडेच घेऊन जाऊ, तुमचं घर आहेच, चहापाण्याची सोय होईल. मी नकाशाचा पडदा बंद केला.

१८ एप्रिल, सोमवार

तिकीट रद्द केलं. डाग हलला नाही.

मालकांना सांगितलं की मी इथेच राहणार, मोसम पूर्ण करणार. मोठ्याने सांगितलं, आरशासमोरही सांगितलं. डाग तिथेच.

उत्तर ठरवून बघितली, पठार ठरवून बघितलं. थोडा सरकतो, मागे वळतो आणि जाऊन बसतो घरावर. गाय दावणीला येते तसा.

तो कप बघत नाही. तिकीट बघत नाही. मला कुठे जावंसं वाटतंय ते बघतो. आणि मला दुसरं कुठे जावंसं वाटणार? मी दमलेली बाई आहे. दमलेल्या माणसाला घर आठवतं. ते काय बटण दाबून बंद करता येतं?

१९ एप्रिल, मंगळवार

ताईला फोन केला. म्हटलं, गुरुवारी घरात थांबू नकोस, मावशीकडे जा, कुणाची तरी गाडी बघ. ती हसली. या गुडघ्याने मी जिना उतरायची नाही आणि तुझी वादळं डोंगर चढायची नाहीत, असं म्हणाली. मी ओरडले तेव्हा तिचं हसू थांबलं. मग हळूच म्हणाली की तू ये. तुझी गादी उन्हात घालून ठेवली आहे. खोलीत गेलं की अजून तुझ्या तेलाचा वास येतो.

फोन ठेवून पडद्याकडे बघितलं. डाग काळा पडला होता. लालच्या पुढचा रंग.

आणि ती मावशीकडे गेली तरी काय उपयोग. ती असेल तिथेच माझं घर. डाग तिच्या मागे मावशीकडे जाईल. हे मला आधी सुचायला हवं होतं.

तिला निरोप पाठवला की काही दिवस फोन करू नकोस. तिचे सात फोन येऊन गेले. घेतले नाहीत.

२० एप्रिल, बुधवार

पहिलवानाला म्हटलं, मला खुर्ची दाखव.

माळाच्या मधोमध. घडीची खुर्ची, कापड विटलेलं. गाडीतून उतरल्यावर दिसलं की खुर्चीखाली पायपुसणं आहे. दारात घालतात तसलं, काथ्याचं, कडा झिजलेल्या. मी विचारलं की हे इथे कसं. पहिलवान म्हणाला की मास्तरांनी इथे सगळं बिऱ्हाडच आणलं होतं. उशी, किटली, खिडकीचा पडदा, सपाता. आम्ही हसलो होतो, मास्तरांनी माळावर संसार थाटला म्हणून. बाकी सगळं उडून गेलं. एवढंच राहिलं.

त्यांची मुलगी कुठे असते, मी विचारलं. डोंगरापलीकडे. नुकतीच बाळंत झाली होती तेव्हा. तिकडे त्या दिवशी काही झालं का? काही नाही, म्हणाला. स्वच्छ ऊन होतं म्हणे.

तो गाडीला टेकून उभा राहिला आणि तोंड फिरवून डोळे पुसत राहिला. मला भीती वाटली, आणि मी मास्तरांच्या खुर्चीत बसले.

हौस नव्हती ती. माणूस इथे घर करायला बघत होता, म्हणजे डाग मुलीला सोडून इथे येईल.

२१ एप्रिल, गुरुवार. सकाळ

चहा झाला. कप पालथा ठेवला. मालकांना म्हटलं, आज कुणीही बाहेर पडायचं नाही, गिऱ्हाईकंही नाहीत, तुम्हीही नाही. नकाशावर एवढं वादळ असताना कप पालथा, म्हणून त्यांचा जीव वरखाली झाला. पण कपाला हात लावला नाही. देव त्यांचं भलं करो.

पहिलवानाने सामान माळावर उतरवलं. उशी, शेगडी, कप, माझ्या सपाता. त्याला परत पाठवलं. तो जायला तयार नव्हता. घरी बायको वाट बघत असेल, म्हटलं. मग गेला.

ताईची शाल आणली आहे. थंडी वाजते.

दुपार

फोनवर नकाशा दिसतोय. अजून घरावरच.

पायपुसण्यावर पाय पुसले. सपाता घातल्या. चहा केला. स्वतःशी म्हटलं, हे माझं घर. हसू आलं. कुणाचं बाई हे घर, भिंत ना छप्पर.

ताई या वेळी खिडकीशी बसून भाजी निवडत असेल. नको. तिचा विचार नको —

नवा नकाशा. आणखी काळा. आणखी जवळ तिच्या —

काय चुकतंय माझं?

शाल. शालीला घरचा वास आहे. नाक खुपसून बसलेय कधीची आणि म्हणतेय की घर नको.

काढली. वाऱ्यावर सोडली. लांबवर लोळत गेली. रडले. मोठ्याने रडले, इथे कोण ऐकतंय.

तिचे सगळे निरोप फोनमधून पुसून टाकले. एक ठेवला. शेवटचा. पोचलीस की कळव. ती रोज संध्याकाळी हेच पाठवते, मी कुठे गेलेली असो वा नसो.

नंतर

डाग हलत नाही. तिच्या गावी आभाळ भरून आलं असणार आता. वाजले किती बघायचं नाही.

मास्तरांना कसं जमलं? मुलगी बाळंतीण. त्यांनी कसं —

दमले. मनाला ओढून ओढून दमले. आता ओढत नाही. जाऊ दे.

खुर्ची तशी बरी आहे. पाठीला आधार आहे.

उठवत नाही. कुणी आता गाडी आणून उभी केली आणि म्हणालं की चला, घरी सोडतो, तरी उठवणार नाही. खोटं नाही लिहीत. गादी नको, खोली नको. हे पाय इथून हलायला नकोत, एवढंच वाटतंय. इथेच बरं आहे. किती शांत —

बघितलं.

डाग सुटला. नदी सोडली. डोंगरावर आहे.

वारा थांबला. गवताचं पातं हलत नाही. शेगडीची ज्योत सरळ उभी.

अलीकडे आला. डोंगर उतरला. लहान होतोय आणि काळा. माझ्यावरच —

मागे काहीतरी आहे. ढग समोर यायला हवा. मागे आहे. मागून कुणीतरी दार ढकलून आत यावं तसा गार झोत मानेवर. वळून बघत नाही. बघितलं तर पळावंसं वाटेल, आणि पळायचं म्हटलं की घरीच —

पायपुसण्यावर कुणी पाय पुसतंय. खसखस. दोनदा.

मला भीती वाटते. तरी उठायचं नाही. माझं घर आहे. आपल्या घरातून कुणी उठून जात नाही.

अंधार झाला. अक्षर दिसत नाही. फोन उजळला, ताईचाच निरोप, तिकडे ऊन पडलंय म्हणते, छान ऊन पडलंय, आणि तू

कळवते. आधी तिला कळवते, ती वाट बघत —

ताई, पोच